सात मिनिटांचं भाषण: आराखडा कसा करावा, टिपण कसं काढावं

भाषणाचे कागद दोन असतात. पहिला आराखडा. तो घरी टेबलावर बसून विचार करण्यासाठी असतो, त्यात पूर्ण वाक्यं असतात, खाडाखोड असते. दुसरा टिपण. ते उभ्याने, घाईत, पंख्याखाली, अपुऱ्या उजेडात एका नजरेत वाचता यावं म्हणून असतं. नवा वक्ता फसतो तो बहुतेक इथेच: पहिलाच कागद घेऊन व्यासपीठावर जातो. मग डोळे बारीक ओळींत अडकतात, मान खाली जाते आणि भाषणाचं वाचन होतं. हे दोन कागद वेगवेगळे कसे करायचे ते पुढे दिलं आहे. उदाहरणासाठी एकच प्रसंग शेवटपर्यंत धरला आहे: ३ जानेवारी, शाळेतला बालिका दिनाचा कार्यक्रम, विषय सावित्रीबाई फुले, वेळ सात मिनिटं.

काय काय लागेल

- निमंत्रणपत्रिका किंवा कार्यक्रमपत्रिका, आणि मंचावरच्या पाहुण्यांची नावं व पदं
- ए-४ आकाराचे कोरे कागद (आराखड्यासाठी)
- पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, आठ-दहा (टिपणासाठी). तयार मिळाली नाहीत तर जुन्या फाइलीच्या पुठ्ठ्याची कापा
- काळं बॉलपेन, लाल पेन, पेन्सिल. जेलपेन नको, घामेजलेल्या बोटांनी शाई पसरते
- पंच आणि फाइलीला लावायचा दोरीचा टॅग
- स्टॉपवॉच आणि रेकॉर्डर असलेला मोबाइल

१. आधी आयोजकांना फोन करा

विषय कळला म्हणून लगेच लिहायला बसू नका. पाच गोष्टी विचारून घ्या. नक्की किती मिनिटं? माझ्या आधी कोण बोलणार आणि कशावर? समोर कोण बसणार, पाचवीची मुलं की पालक आणि शिक्षकही? माईक उभ्या स्टँडचा आहे की हातात धरायचा? पोडियम आहे का?

शेवटचे दोन प्रश्न फुटकळ वाटतात, पण टिपणाचा आकार त्यांच्यावरच ठरतो. हातात माईक धरायचा असेल तर उरलेल्या एका हाताने ए-४ कागद उलटता येत नाही. तिथे कार्डच हवं. पोडियम असेल तर दोन कार्डं शेजारी-शेजारी ठेवता येतात.

स्पर्धेत बोलणार असाल तर नियमपत्रक आधी वाचा. बऱ्याच वक्तृत्व स्पर्धांत कागद पाहून बोललं की गुण कापतात. तरीही टिपण करा. पाठ करायला तेच सोपं पडतं.

२. गाभा एका वाक्यात लिहा

‘सावित्रीबाई फुले’ हे नाव झालं, भाषणाचा गाभा नव्हे. त्यांच्याबद्दल तुम्ही नेमकं काय सांगणार, ते एका वाक्यात लिहा. वाक्यात क्रियापद हवं आणि कोणी त्यावर ‘कशावरून?’ असं विचारू शकलं पाहिजे. ‘सावित्रीबाई थोर समाजसुधारक होत्या’ यावर कोणी काही विचारणार नाही, म्हणून ते गाभा म्हणून निकामी आहे. आपल्या उदाहरणासाठी हे घेऊ:

‘समाजाने ज्यांना दूर ठेवलं, त्यांच्याजवळ सावित्रीबाई स्वतः गेल्या.’

हे वाक्य कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक मुद्दा त्याच्यापुढे धरायचा. बसला तर ठेवायचा, नाही तर कितीही आवडता असला तरी काढायचा. ‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह १८५४ मधला. माहिती मोलाची आहे, पण या गाभ्यात बसत नाही. गेली.

३. माहिती जमवा आणि पडताळा

सात मिनिटांच्या भाषणाला दहा-बारा तपशील पुरतात. वीस जमवा, म्हणजे निवडता येतं. प्रत्येक तपशिलाशेजारी तो कोणत्या पुस्तकात, कितव्या पानावर मिळाला हे लिहा. व्हॉट्सॲपवर आलेलं भाषण हा आधार धरू नका. तीन प्रकारच्या चुका तिथून हमखास येतात.

पहिली, वर्षांची. बालहत्या प्रतिबंधक गृहाचं वर्ष कुठे १८५३ तर कुठे १८६३ छापलेलं दिसतं. असं असेल तर वर्ष सोडा, काम सांगा. श्रोत्यांना काम लक्षात राहतं; वर्ष चुकलं तर ते मात्र सभेतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या लक्षात राहतं.

दुसरी, ‘पहिला’ आणि ‘पहिली’ची. मिशनऱ्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा १८४८ च्या आधीही होत्या. म्हणून ‘भारतातली मुलींची पहिली शाळा’ असं ठोकून देण्यापेक्षा ‘१८४८ मध्ये फुले दांपत्याने भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाई १७ वर्षांच्या होत्या’ असं सांगा. सतरा हा आकडा समोरच्या नववी-दहावीच्या मुलींना जास्त भिडतो.

तिसरी, शिळ्या वाक्यांची. ‘बुधवार पेठेतला तो वाडा आजही उभा आहे’ हे जुन्या भाषणांतून उचललेलं वाक्य अजून ऐकू येतं. स्मारकासाठी तो जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला.

वय स्वतः मोजा. जन्म ३ जानेवारी १८३१, निधन १० मार्च १८९७, म्हणजे ६६ वर्षं पूर्ण. आणि त्यांच्या नावावर फिरणारी चटकदार सुवचनं पुस्तकात सापडल्याशिवाय घेऊ नका.

४. आराखडा: आधी मिनिटं वाटा, मग मुद्दे बसवा

आपल्याला सात मिनिटं आहेत. सहा मिनिटं तीस सेकंदांचा आराखडा करा. अर्धं मिनिट टाळ्या, खोकला, माईकची खरखर यांत जातं.

- संबोधन: ३० सेकंद
- सुरुवात, प्लेगचा प्रसंग: १ मिनिट
- मुद्दा १, शाळा: १ मिनिट ३० सेकंद
- मुद्दा २, बालहत्या प्रतिबंधक गृह: १ मिनिट ३० सेकंद
- मुद्दा ३, हौद: १ मिनिट १५ सेकंद
- शेवट: ४५ सेकंद

मुद्दे तीनच. चौथा बसवायचा मोह होतो. मग प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर मिळतं आणि भाषणाची यादी होते.

आता क्रम. जन्मापासून सुरुवात करून मृत्यूपर्यंत जायचं ही सवय पाठ्यपुस्तकातून लागते. तशा भाषणात पहिलं मिनिट नायगाव, आईवडिलांची नावं आणि १८४० मधलं लग्न यांतच संपतं. शिवाय ३ जानेवारीला तुमच्या आधी चार मुलांनी तेच सांगितलेलं असतं, शेणाच्या गोळ्यांच्या प्रसंगासकट. म्हणून इथे शेवटून सुरुवात केली आहे. १८९७, पुण्यात प्लेग, मुंढव्याजवळून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्याकडे निघाल्या आहेत, आणि त्या दवाखान्यातला डॉक्टर त्यांचा मुलगा यशवंत आहे. इथे थांबायचं. यशवंत कोण हे सांगायचं नाही.

ते दुसऱ्या मुद्द्यात उलगडतं. फसवणूक झालेल्या गरोदर विधवांसाठी फुले दांपत्याने गृह काढलं. तिथे काशीबाई या विधवेला झालेलं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. सुरुवातीला टाकलेला धागा असा मध्ये उचलता आला की श्रोता सरळ बसतो. प्रत्येक विषयात असा धागा मिळेलच असं नाही, पण मुद्दे मांडून झाल्यावर पाच मिनिटं तो शोधावा.

मुद्द्यांच्या मध्ये जोडवाक्य लागतं आणि ते आराखड्यातच लिहावं लागतं. ‘तर मित्रांनो’ किंवा ‘आता पुढचा मुद्दा’ म्हणजे जोडवाक्य नव्हे. शाळेवरून गृहाकडे जाताना हे चालेल: ‘शाळेत मुली येऊ लागल्या. पण ज्या बाईला गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, तिने कुठे जायचं?’ नवखा वक्ता अडखळतो तो मुद्द्याच्या पोटात क्वचितच. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतो.

तिसरा मुद्दा छोटाच ठेवा: १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. हे काम दोघांचं होतं, तसंच सांगा. शाळेच्या मुद्द्यात त्यांच्या सहकारी शिक्षिका फातिमा शेख यांचं नाव घ्या. सगळं एकट्या सावित्रीबाईंच्या पदरात टाकलं की भाषण आरतीसारखं होतं.

५. मजकूर बोलत बोलत लिहा

आधी तुमचा वेग मोजा. कोणताही मराठी मजकूर सभेत बोलाल तसा दोन मिनिटं मोठ्याने वाचा, शब्द मोजा, निम्मे करा. बहुतेकांचा आकडा मिनिटाला शंभर ते सव्वाशेच्या आसपास येतो. ११० धरले तर साडेसहा मिनिटांना ७१५ शब्द झाले. पण विराम घ्यायचे आहेत, प्रश्न विचारल्यावर थांबायचं आहे. म्हणून मजकूर ६०० ते ६५० शब्दांवर ठेवा. आठशे शब्द लिहून ‘जरा भरभर बोलू’ असं ठरवणाऱ्याचा शेवट नेहमी घंटेखाली जातो.

मोबाइलचा रेकॉर्डर लावा, आराखड्याकडे बघत बोला आणि मग ऐकून उतरवा. सरळ लिहायला बसलात की हात आपोआप अहवालाची भाषा लिहितो. फरक बघा.

लिहिलेलं: ‘फुले दांपत्याकडून बालहत्या प्रतिबंधक गृहाची स्थापना करण्यात आली.’

बोललेलं: ‘फुल्यांनी अशा बायकांसाठी घर उघडलं. इथे या, बाळंत व्हा, हवं तर मूल आमच्याकडे ठेवून जा.’

‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’, ‘या ठिकाणी’, ‘त्या अनुषंगाने’ असे शब्द दिसले की लाल पेन चालवा. एका दमात म्हणता येत नाही ते वाक्य तोडा. ‘प्रतिबंधक’, ‘पुनर्विवाह’, ‘सत्यशोधक’ असे जोडाक्षरांचे शब्द एकाच वाक्यात दोन आले तर एकाला दुसरीकडे हलवा. घाईत जीभ तिथेच अडते.

६. आता टिपण

मजकूर बाजूला ठेवा आणि कार्डं घ्या. मुद्द्याला एक कार्ड. एका कार्डावर मथळ्याखाली फार तर सहा ओळी, ओळीत तीन-चार, फार तर पाच शब्द. एकाच बाजूला लिहा. पाठीमागे लिहिलेलं व्यासपीठावर कोणालाच आठवत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचं कार्ड असं दिसेल:

> ३ · गृह · १:३० (घड्याळ ३:०० → ४:३०)
> तिने कुठे जायचं? //
> विधवा, गरोदर: विहीर नाहीतर सुरी
> घर उघडलं: ‘इथे या’
> काशीबाई → मूल → दत्तक
> यशवंत = तोच डॉक्टर! //
> → माणसाला घर, मग पाणी?

पहिल्या ओळीत कार्डाचा क्रमांक, मुद्दा, त्याचा वेळ, आणि हे कार्ड कितव्या मिनिटाला सुरू होऊन कितव्याला संपायला हवं ते. त्यामुळे मागे पडलात की लगेच कळतं. दोन तिरप्या रेघा म्हणजे थांबा. त्या लाल पेनने. शेवटची ओळ पुढच्या कार्डाचं जोडवाक्य. पुढचं कार्ड उलटण्याआधी तुमचं तोंड त्याच्या दिशेला वळलेलं असतं.

कोणता शब्द लिहायचा हा खरा प्रश्न आहे. ज्या शब्दाने वाक्य आपोआप सुरू होतं तो. ‘सामाजिक कार्य’ लिहून ठेवलंत तर त्यातून एकही वाक्य निघत नाही; ‘विहीर नाहीतर सुरी’ वाचलं की निघतं. विशेषनामं, वर्षं, आकडे मात्र पूर्ण लिहा, ते सगळ्यात आधी विसरतात. भाषणाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य अख्खं लिहा. उद्धरण असेल तर तेही अख्खं. आठवणीतून म्हटलेलं उद्धरण बदलतं.

अक्षर मोठं हवं. आपल्या लिपीत वेलांट्या, मात्रा, रफार वरखाली येतात. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत शिरतो. म्हणून ओळींमध्ये एक ओळ मोकळी सोडा. छापील प्रत काढत असाल तर १८ ते २० पॉइंट आणि दीडपट ओळअंतर. कार्डाचा खालचा तिसरा भाग कोराच राहू द्या. नजर तिथवर उतरली की हनुवटी छातीला लागते आणि आवाज माईकखाली जातो.

कार्डांना डाव्या कोपऱ्यात भोक पाडून टॅगमध्ये सैल ओवा. पडली तरी क्रम मोडत नाही. स्टेपल करू नका, उलटता येत नाहीत.

मोबाइलवरून वाचायचं म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्क्रीन बंद पडते, नेमका फोन येतो आणि समोरच्यांना वाटतं तुम्ही मेसेज बघताय. अगदीच वेळ आली तर विमान मोड लावा आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा.

७. संबोधनाचं कार्ड वेगळं: कार्ड शून्य

हे पेन्सिलने लिहा. पाहुणे ऐनवेळी बदलतात. पत्रिकेतले सभापती येत नाहीत, त्यांच्या जागी भलतेच कोणी बसलेले असतात. सभागृहात पोचल्यावर सूत्रसंचालकांकडे बसा, नावं जुळवा, चूक असेल तर खोडून नीट लिहा. आडनाव अवघड असेल तर उच्चार विचारून घ्या.

सूत्रसंचालकांनी सगळ्यांची नावं घेतलेली असतात, आभार मानणारे पुन्हा घेणार असतात. तुम्ही अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे, एवढीच घ्या. बाकीच्यांना ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणा. दहा नावं पदांसकट घेतलीत तर सात मिनिटांतलं दीड मिनिट तिथेच जातं. ‘मला बोलायची संधी दिल्याबद्दल’ आणि ‘मी काही मोठा वक्ता नाही’ ही दोन वाक्यं कार्डावर येऊच देऊ नका.

८. तालीम उभ्याने

पहिली तालीम पूर्ण मजकूर हातात घेऊन, दुसरी फक्त कार्डांवर, तिसरी कार्डं पालथी ठेवून. तिन्ही उभ्याने, सभेतल्या आवाजात, घड्याळ लावून. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी लवकर संपते, त्यावर वेळ ठरवू नका.

दुसऱ्या तालमीत जिथे अडलात तिथे पेनने खूण करा. अडण्याचं कारण बहुधा कार्डावरचा शब्द चुकीचा असणं हे असतं. पाठांतर वाढवू नका, शब्द बदला. एखादं कार्ड न बघताच येत असेल तर त्यावरच्या दोन ओळी काढून टाका. दर वेळी वाक्यं थोडी वेगळी आली तर ते ठीकच आहे. तिन्ही वेळा शब्दन् शब्द तोच येत असेल तर तुम्ही पाठ करताय, आणि पाठ केलेलं मधलं एक वाक्य हरवलं की पुढचं सगळं हरवतं.

९. कात्री घरीच लावून ठेवा

कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि सूत्रसंचालक कानात सांगतात, ‘तीन-चार मिनिटांत आटपा.’ उभ्या उभ्या काय गाळायचं हे सुचत नाही. मग लोक सगळंच दुप्पट वेगाने बोलतात. म्हणून आधीच ठरवा. आपल्या भाषणात कार्ड २ (शाळा) गळेल, कारण तो भाग इतरांनी सांगितलेला असणार. कार्ड ४ (हौद) तीन वाक्यांवर येईल. कार्ड १ आणि कार्ड ३ मात्र एकत्रच राहतील, नाही तर यशवंतचा धागा तुटतो. कार्ड १ च्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहा: ‘वेळ कमी → सरळ ३.’ असं केलं तर कार्ड ३ चं जोडवाक्य बदलतं, तेही तिथेच लिहून ठेवा: ‘हा डॉक्टर मुलगा कोण?’

आधीच्या वक्त्याने तुमचाच प्रसंग सांगितला तर? त्यांचं बोलणं चालू असताना कार्ड पेन्सिलने दुरुस्त करा. ‘आत्ताच सांगितल्याप्रमाणे’ म्हणून एका वाक्यात प्रसंगाची आठवण द्या आणि थेट यशवंतवर या.

१०. सभागृहात

अर्धा तास आधी पोचा. पोडियमवर उभं राहून एक कार्ड वाचून बघा. दिवा मागे असेल तर तुमचीच सावली कार्डावर पडते. वरचा पंखा सुरू असेल तर सुटे कागद उडतात, कार्डं राहतात. चश्मा लागत असेल तर जवळचाच लावून समोरचे चेहरे दिसतात का तेही पाहा. घड्याळ मनगटावरून काढून पोडियमवर ठेवा. हात वर करून वेळ बघितली की श्रोतेही आपापली घड्याळं बघतात.

पोडियम नसेल तर कार्डं डाव्या हातात, कमरेच्या जरा वर धरा. ओळ बघा, मान वर करा, मग बोला. बघत बघत बोलू नका. मधली दोन सेकंदांची शांतता तुम्हाला लांब वाटेल, समोरच्यांना ती जाणवतसुद्धा नाही.

शेवटच्या कार्डावर एकच वाक्य आहे: ‘आपल्या वस्तीत आज कोणी ज्यांच्या दारात जात नाही, असं घर कोणतं?’ ते बघून पाठ करून ठेवा, म्हणजे म्हणताना नजर श्रोत्यांकडे राहील. म्हणून झालं की ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ जोडू नका. दोन सेकंद उभे राहा, नमस्कार करा आणि जागेवर जा.

घरी आल्यावर कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्यक्ष लागलेला वेळ, आणि कुठे लोक हसले, कुठे चुळबुळले ते लिहा. कार्डं टॅगसकट पाकिटात घाला, वर विषय आणि तारीख टाका. १० मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, कोणीतरी पुन्हा बोलावतंच.